विभूतीचा डबा आणि कोरडा रांजण

मुलांनो, कल्पना करा. उदगीरचं एक घर. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालाय आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलाय. तीन दिवस टँकर नाही. आणि घराच्या दारावर लिलावाची नोटीस चिकटवलेली.

जगदेवीच्या नवऱ्याचं दुकान बुडालं होतं. कोर्टानं त्याला नादार ठरवलं, होतं ते घेणेकऱ्यांत वाटलं आणि देण्यातून मोकळं केलं. पण घर विकून कर्ज वसूल करण्याचा कोर्टाचा जुना हुकूमनामा आपोआप खोडला जात नाही. तो जाऊन खोडून घ्यावा लागतो. त्याआधीच नवरा वारला. जुन्या जिल्ह्यातून आलेल्या कोर्टाच्या गठ्ठ्यांत मुक्ततेचा आदेश सापडेना. जगदेवीकडे त्याची एकच नक्कल होती. उद्या ती कोर्टात दाखवली नाही, तर घर जाणार. आणि आज सकाळी ती नाहीशी झाली.

लातूरहून खासगी तपास करणाऱ्या पंचशीलाबाई आल्या. सोबत मदतनीस साहेबराव.

"कुठं होती?"

"देवघरात, विभूतीच्या डब्यात, भस्माखाली. मी न् माझी लेक उमा टँकरच्या रांगेत. घरात भाडेकरू न् दीर, दोघंच होते. आल्यापासून कुणाला भाईर जाऊ दिलं न्हाई."

डबा पांढऱ्या फडक्यात बांधलेला होता. फडक्यावर एकही डाग नव्हता.

आधी भाडेकरू सटवाजीला बोलावलं. तो इंजिनं दुरुस्त करायचा. तळहात वंगणानं काळेकुट्ट.

"हात धू आधी," साहेबराव खेकसले.

"कशानं? तीन दिस झाले, थुंकीनं धुऊ? लिलावात मडिवाळप्पा घर घेणार हाय. मग मला ठेवतोय व्हय तो?"

मडिवाळप्पा म्हणजे जगदेवीचा दीर. कपाळ कोरडं, विभूतीविना; अंगात काळा कोट.

"आज पूजा केली?" पंचशीलाबाईंनी विचारलं.

"बिनअंघोळीचा मी विभूतीला शिवत न्हाई. तीन दिस शिवलो न्हाई. तुमाला काय कळणार आमच्यातलं?" बोलता बोलता त्यानं बाहीवरचं पांढुरकं काहीतरी झटकलं.

दोघांच्या अंगझडतीत काहीच निघालं नाही.

"सटवाजीच," साहेबराव कुजबुजले. "तोंडच सांगतंय."

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. दहा वर्षांची उमा घागर घेऊन धावली. जगदेवी रांजणाकडं वळली.

"रांजण ऱ्हाऊ दे!" मडिवाळप्पा ओरडला. "तडा गेलाय. घागरीच भरा!"

पंचशीलाबाई हसल्या. "साहेबराव, सटवाजीनं फडकं सोडलं असतं, तर त्यावर काळी बोटं उमटली असती. हात धुवायला पाणीच नव्हतं. उरले हे. विभूतीला शिवले नाहीत म्हणतात, मग बाहीवर भस्म कुठून आलं? घर लिलावात यांनाच हवंय. कागद बाहेर नेता आला नाही, म्हणून कोरड्या जागी दडवला. या घरात तीन दिवस सगळ्यात कोरडी जागा कोणती? जगदेवीबाई, रांजणाला तडा आहे?"

"कुठला तडा? परवाच पुसून ठेवलाय मी."

साहेबरावांनी रांजणात हात घातला. घडी केलेली नक्कल वर आली, भस्मानं माखलेली.

"भावजी, तुमी?" जगदेवीचा आवाज चिरकला.

"बाईच्या नावावर घर! लाज वाटत न्हाई?" मडिवाळप्पा थुंकला आणि चालता झाला.

उमा भरलेली घागर घेऊन आली. तिनं आईकडून सगळं ऐकलं, मग तांब्या बुडवला आणि दारावरची नोटीस भिजवून काढायला निघाली.

"आज नाही, बाळ," पंचशीलाबाई म्हणाल्या. "उद्या कोर्टानं हुकूमनामा खोडला, की मग."

उमा थांबली. तिनं भरलेला तांब्या नोटिशीखाली, उंबऱ्याशी ठेवला. त्यावर ताटली झाकली. आणि शेजारी बसून राहिली, कुणी ते पाणी पिऊ नये म्हणून.