दुखायचं थांबलेला कान

वडिलांची बोट ज्या खडकावर फुटली, तिथून तिची पितळी घंटा वर काढायची, एवढ्यासाठी तिघं समुद्रात आली होती. धाकटी बुड्या मारण्यात तरबेज, तिची ताई दवाखान्यात परिचारिका, लाँच मामांची. वारा फिरायच्या आत एकच दिवस हाताशी होता.

धाकटीला सर्दी होती. ती तिने ताईपासून लपवली.

पाठीवर हवेची टाकी बांधून, दोरी धरून उतरताना डावा कान ठणकू लागला. नाक दाबून जोर लावला, तरी दडे सुटेनात. तेवढ्यात खालच्या हिरव्या अंधारात बोटीचा सांगाडा दिसला, आणि त्यावर घंटा. आणखी थोडंच!

कानात फट्कन काहीतरी फुटलं. कळ थांबली. पण गार पाणी आत घुसलं आणि समुद्र गरागरा फिरू लागला. दोरी सुटली. वर कुठे, खाली कुठे, कळेना. तिने श्वास सोडला. बुडबुडे पायांकडे निघाले. म्हणजे ती उलटी झाली होती! श्वास कोंडायचा नाही, घाई करायची नाही, असं स्वतःला बजावत ती वळली आणि बुडबुड्यांमागून सावकाश वर आली.

मामांनी तिला ओढून लाँचवर घेतलं. ती भडाभडा ओकली. हळूहळू गरगर ओसरली.

"टाकी बदलून दे ताई. घंटा दिसलीय. आता कानही दुखत नाहीये."

"म्हणजे दुखत होता? कधी थांबला?"

"खालीच. फट् झालं आणि थांबला."

ताईने टॉवेलने तिच्या कानाखाली टिपलं. गुलाबी डाग उमटला. मग ती डाव्या बाजूला वाकून हलकेच काहीतरी बोलली.

"काय म्हणालीस?"

"तेच बघत होते. शिट्टी वाजतेय कानात?"

"हो. आणि नाक शिंकरलं तर कानातून हवा गेली."

"पडदा फाटलाय तुझा. दुखायचं थांबलं ते म्हणूनच."

"तेल कोमट करून घालू का?" मामांनी विचारलं.

"थेंबभरही नको. कोरडा ठेवायचा. आणि तू नाक शिंकरू नकोस."

"बाबांचं एवढंच उरलंय गं, ताई."

"एवढंच?" ताईने टॉवेल बाजूला टाकला. "पुन्हा गरगरलीस आणि वर आली नाहीस, तर मी कोणाला घेऊन घरी जाऊ?"

मामांनी न विचारताच नांगर उचलला.

किनाऱ्यावर डॉक्टरांनी कानात पाहिलं. भोक लहान होतं. पाणी गेलं नाही तर काही आठवड्यांत आपोआप भरणार होतं. बाहेरच्या बाकावर येऊन धाकटी रडू लागली. ताई उठून तिच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाकडे, येऊन बसली.