एक्स्टेन्शन दोनशे सात

चंद्रपूरहून सकाळच्या बसने निघालो तेव्हा माझ्याजवळ सात डबे होते. ऑफिसच्या टेबलावर ठेवायचे नवीन फोन, इंटरनेटच्या तारेवर चालणारे. अहेरीच्या रस्त्याला जंगलाचं एक ऑफिस आहे. नाव सांगत नाही, तुम्ही शोधत जावं असं तिथे काही नाही. फोन बसवायचे, नंबर द्यायचे, बाबूलोकांना बटणं शिकवायची आणि परतायचं, एवढंच काम.

पॉलिटेक्निक मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते आमच्याकडे प्रत्येक म्हाताऱ्याला विचारायचं असतं, उत्तर ऐकायला मात्र एकही थांबत नाही. म्हणून मीही सांगणं सोडलं.

हे फोन बसवणं सोपं असतं. तार खोचली की तिच्यातूनच वीज मिळते आणि तिच्यातूनच आवाज जातो. पडदा उजळतो, कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, फोन तयार. दोनशे एक ते दोनशे सात असे नंबर मी आधीच टाकून आणले होते. दोनशे एक बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला. गावागावांत भिंतीवर रंगवलेला असतो ना, ‘वाघ दिसल्यास कळवा’, तो नंबर इथे वाजणार होता. सातव्या फोनपर्यंत तार पुरली नाही. तो डब्यातच राहिला. झाडूवाल्या आशाबाईने तो मागच्या मालखान्यात, जप्तीच्या सामानाच्या खोलीत, नेऊन ठेवला.

बडेबाबू म्हणजे गुणवंतराव. नोकरीची सदतीस वर्षं झालेली, निवृत्तीला काही महिने बाकी. जुन्या फोनचा रिसीव्हर ते सकाळीच काढून बाजूला ठेवायचे आणि वरून टॉवेल टाकायचे. नव्या फोनने ती सोय गेली. रिसीव्हर काढून ठेवला की अर्ध्या मिनिटात तो कोकलायला लागायचा.

“हा वाजला नाई पाहिजे,” ते म्हणाले.

“फोन हाये भाऊ, वाजनच.”

“दिवसभर बायकाईचे फोन येतेत. पान हाललं तरी त्याईले वाघ दिसते. तू शिकलेला पोट्टा हायेस ना? का कालेज सोडलं तवा अक्कलही तिथीच ठेवून आला?”

बाकीचे दोघे बाबू खदखदून हसले.

मला नाही म्हणता आलं असतं. पण डोकं फिरलं होतं, अक्कल दाखवून द्यायची होती. दोनशे एकवर येणारा प्रत्येक कॉल मी दोनशे सातवर वळवून टाकला. दोनशे सात डब्यात बंद, ना तार ना वीज. इथे घंटा वाजणार नाही, तिकडे कोणी उचलणार नाही. गुणवंतरावांनी मान डोलावली, “पोट्टा हुशार हाये,” म्हणाले आणि चहा मागवला. तो चहा मी प्यायलो.

आमचं गाव तिथून अकरा किलोमीटर. घरी मी आणि आई, केसरबाई. उन्हाळा लागला की आई पहाटेच तेंदूपत्ता तोडायला रानात जाते. तिला वाचता येत नाही म्हणून फोन आणायला चंद्रपूरला जायच्या आधीच मी भिंतीवरचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये एकच्या बटणावर बसवून दिला होता. सांगितलं होतं, “आई, काई दिसलं त एक दाबून ठेव. माह्या हातचा फोन वाजन तिथी.” तिने ते अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं.

रात्री ताट वाढताना तिने विचारलं, “बसवला का रे फोन?”

“बसवला.”

“वाजते?”

“वाजते.”

दोन दिवसांत जाऊन ते वळवलेलं काढून टाकायचं असं मी ठरवलं होतं. चंद्रपूरला दुसरं काम निघालं. गेलो नाही.

मेच्या मध्यात गुणवंतरावांचा फोन आला. “तुह्या यंत्रात काय शिरलं गा? मी एक फोन उचलला नाई, अन् हा उचलले म्हणून दाखवते. उद्या वरून कोणी विचारलं त मी काय सांगू?”

फोन न उचलण्याची त्यांना कधी भीती नव्हती, उचलल्याची वाटली. 

दुसऱ्या दिवशी गावातूनच मोटरसायकलने गेलो. साडेनऊ वाजले होते आणि रस्त्यावर नजर ठरत नव्हती एवढं ऊन. ऑफिसात पंखा तेवढा कुरकुरत होता. दोनशे एकवर मी आलेल्या कॉलची यादी उघडली. अकरा कॉल. अकराही दोनशे सातवर गेलेले आणि अकराही तिथे उचललेले. कोणी चार मिनिटं बोललं होतं, कोणी नऊ. सर्व्हरची चूक असणार, म्हणून मी हसलो. तरी आशाबाईला मालखाना उघडायला सांगितलं.

मालखान्याला खिडकी नाही. बाहेर अंग भाजत होतं आणि आत विहिरीत उतरल्यासारखा गारवा. जप्त केलेल्या सागाचा वास, फिनेलचा वास, आणि त्याच्याही खाली एक गोडसर, कुजका वास. मोहफुलं पोत्यात राहून सडली की येतो तसा. आशाबाई उंबऱ्याच्या आत आली नाही. कोपऱ्यात एका गाठोड्यावर माझा डबा होता. गाठोड्यात घोंगडी, टॉर्च, जेवणाचा डबा आणि एकच चप्पल. चपलेला सुतळीने कागदाची चिठ्ठी बांधलेली.

“हे कोनाचं वो बाई?”

“पोचूचं.” तिचा आवाज खाली गेला. “रोजीवरचा चौकीदार होता. तीन साल झाले. रानातून फोन केला त्यानं, वाघ समोर बसला हाये म्हणून. हा बुढा बोलला त्याच्यासंग. ‘गाडी निघाली, तिथीच थांब, हालू नको.’ मी झाडू मारून राह्यली होती, ह्याच कानानं आयकलं. गाडी कुठी होती इथी? साहेबाच्या पाहुण्याईले घेऊन वडसाले नाटक पाहाले गेली होती. फोन ठेवला अन् बुढ्यानं डबा उघडला जेवाले.”

“मंग?”

“मंग काय. पोचू सांगितल्यासारखा थांबला.”

मी डबा उचलला. कंपनीची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. किल्लीने फाडून उघडली. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारेची गुंडाळी बाजूला, सगळं कोरं. फक्त रिसीव्हरच्या बोलायच्या छिद्रांसमोर प्लॅस्टिकला आतून वाफ धरली होती. मी बघत होतो तोवर ती ओसरली. मग पुन्हा धरली. पुन्हा ओसरली...

“आला गा, आनखी एक आला!” बाहेरून गुणवंतराव ओरडले.

डबा तिथेच टाकून मी धावलो. घंटा नाहीच, दोनशे एकचा पडदा तेवढा उजळला होता. कॉल दोनशे सातवर वळला होता आणि तिकडे उचललाही गेला होता. ज्या नंबरवरून आला होता तो मला पाठ आहे.

आईचा.

वळवलेलं काढून टाकलं, पण लागलेला कॉल त्याने तुटत नाही. माझ्या मोबाइलवरून तिला लावला, व्यस्त. फोनचं काम देणाऱ्या माझ्या ठेकेदाराने एक कोड शिकवला होता. तो दाबला की दुसऱ्या एक्स्टेन्शनवर चाललेलं बोलणं ऐकू येतं. आपला आवाज मात्र तिकडे जात नाही. मी तो दोनशे एकवर दाबला आणि त्याचा स्पीकर चालू केला.

आधी नुसती पानं चुरगळल्यासारखी खरखर. मग आई, अगदी दबक्या आवाजात.

“...बोडीच्या पान्याजवळ, पारीवर बसला हाये भाऊ... माह्याकडंच पाहून राह्यला. बाकीच्या बायका नाल्याकडं पळाल्या... मीही पळू का?”

मग तो दुसरा आवाज. घसा बसलेला, संथ. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. आपण कोणाचा निरोप जसाच्या तसा सांगतो, तसा.

“गाडी निघाली बाई. तिथीच थांबा. हालू नका.”

“हो भाऊ...”

“आई, पळ!” मी फोनवर ओरडलो. “आई, नाल्याकडं पळ!”

ती ऐकत होती, पण त्याचं.

“भाऊ... माहा पोरगा हाये ना, कुलदीप... त्यानंच बसवला हा फोन. त्याले सांगा...”

“सांगतो बाई. तिथीच थांबा.”

गुणवंतराव टेबलाला धरून उभे होते. तोंडातलं पान हनुवटीवर ओघळलं होतं. “पोचू...” ते पुटपुटले. “हा पोचू हाये...”

“गाडी काढा!” मी त्यांची कॉलर धरली. “जीप बाहेर उभी हाये, काढा!”

“चाबी साहेबाकडं असते,” ते म्हणाले. तेव्हासुद्धा. “साहेब अकराले येतेत.”

कॉल तुटला तर ती पळेल, एवढंच सुचलं. भिंतीवरच्या पेटीतल्या सगळ्या तारा मी मुठीने उपटल्या. सहाच्या सहा फोनचे पडदे विझले. दोनशे एकही काळा पडला.

स्पीकर बोलत राहिला.

“उठला भाऊ... तो उठला...”

“हालू नका.”

अकरा किलोमीटर मोटरसायकल कशी हाणली ते आठवत नाही. ज्या पळाल्या त्या सगळ्या बायका नाल्याच्या काठी एकमेकींना धरून बसल्या होत्या. एकीलाही ओरखडा नव्हता. आई बोडीपासून, म्हणजे रानातल्या तळ्याच्या बांधापासून, थोड्याच अंतरावर, जिथे थांबायला सांगितलं होतं तिथेच. लोकांनी मला जवळ जाऊ दिलं नाही, तरी मी पाहिलं. ओच्यात तेंदूची पानं होती. एक पुडा बांधून झालेला, दुसरा अर्धा. गाडी येईल म्हणून ती पुडे बांधत बसली होती. तिचा मोबाइल सापडला नाही.

चौकशीत गुणवंतरावांनी लिहून दिलं की त्या दिवशी ऑफिसात फोनची एकही घंटा वाजली नाही. यंत्र बंद होतं, तारा टेक्निशियनने तोडल्या होत्या. खोटं एकही अक्षर नाही. शाल-नारळ घेऊन ते निवृत्त झाले, आता रोज सकाळी फिरायला जातात. पोचूला सूडच घ्यायचा होता तर हा माणूस हाताशी होता, दुपारी खुर्चीतच घोरत असायचा. पण त्याने ह्याच्या केसालाही धक्का लावला नाही. माझा फोन त्याला मिळाला आणि त्याने रानातल्या बायकांना थांबवून ठेवलं. आधीच्या अकरा वेळी वाघ आपणच निघून गेला होता, बाराव्या वेळी गेला नाही. त्याला मरताना जे शिकवलं होतं, तेवढंच त्याला येत होतं.

दोनशे सात मी दगडाने ठेचला आणि तुकडे प्राणहितेत टाकले. सर्व्हरवरून तो नंबर पुसला. बाकीचे सहा फोन तारा तुटल्यापासून तसेच धूळ खात पडले आहेत, कोणी पुन्हा जोडले नाहीत. भिंतीवरचा नंबर वाजायला आता ह्या जगात जागा नाही.

मागच्या आठवड्यात शेजारची दीपाली सरपण घेऊन आली आणि मोळी टाकून सरळ माझ्याकडे वळली.

“दादा, तुमचा फोन लय चांगला चालते. परवा रानात मले मातीत मोठ्याचे, वाघाचे, पाय उमटलेले दिसले ना, मी लावला. पहिल्याच घंटीले उचलला.”

“कोन... कोन मानूस बोलला?”

“मानूस कुठचा? बाई होती. ‘तिथीच थांब वो माय,’ म्हने, ‘हालू नको. माहा पोरगा इथीच असते, तो गाडी पाठवते.’ मी थांबनारच होती, पन रेंज गेली, मंग आली पळून.”

त्या संध्याकाळी घराघरात जाऊन मी सगळ्या बायकांचे मोबाइल मागितले. नंबर खोडतो म्हटलं, पाया पडतो म्हटलं. एकीनेही दिला नाही. म्हाताऱ्या गुणाबाईने तर आपला मोबाइल पदराच्या गाठीत घट्ट धरला.

“काऊन खोडतो बापा?” ती म्हणाली. “जलमभर त्या ऑफिसातून शिव्याच खाल्ल्या आमी. आत्ता कुठी कोनी आमाले माय म्हनते.”