अंदाजाचा आवाज

हिंदुराव पिसाळांचा आवाज सकाळी चहाच्या वेळी मध्येच तुटला. "शालन, आज ऊन" एवढं बोलून पलंगाशेजारचा डबा गप्प झाला. त्याच्यावरचा हिरवा दिवा एरवी मिचमिचायचा, तो आता नुसताच जळत होता.

दुपारी पुण्याहून कल्याणी केळशीकर आली. हा डबा बनवणाऱ्या संस्थेत ती अभियंता होती. हिंदुरावांची बायको, शालनबाई, दारातच उभ्या होत्या.

"शेजारचे म्हणत होते, बंद करून परत चालू करा. मी हातसुद्धा लावला नाही."

"बरं केलंत, काकू. बंद केला असता तर ताज्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. मग कशानं अडकला ते कळलंच नसतं."

हिंदुरावांनी सारी नोकरी कराडच्या एसटी स्टँडवर, गाड्यांच्या घोषणा करत केली होती. सांगली, चिपळूण, पाटण, सगळ्या गाड्या त्यांच्याच आवाजात सुटायच्या. मग मज्जातंतूंच्या आजारानं आधी त्यांचे हातपाय नेले, नंतर वाचा, शेवटी पापण्यांची हालचालही. कान आणि मेंदू मात्र शाबूत होते. माणसानं बोलायचं मनात आणलं, की जबड्याच्या आणि गळ्याच्या स्नायूंपर्यंत विजेचा एक क्षीण संकेत पोचतो. हिंदुरावांच्या गळ्याभोवतीची पट्टी तो टिपायची, डब्यातला संगणक त्याचे शब्द जुळवायचा आणि स्टँडवरच्या जुन्या घोषणांवरून घडवलेल्या त्यांच्याच आवाजात बोलून दाखवायचा. तयार यंत्र बाजारात यायला अजून अवकाश होता. हा चाचणीसाठी दिलेला विकास-फलक होता, अभियंते प्रयोगशाळेत वापरतात तसला लिनक्सवर चालणारा उघडा संगणक, पारदर्शक डब्यात बसवलेला. घरातलं बोलणं घराबाहेर जाऊ नये म्हणून तो इंटरनेटला जोडलेला नव्हता. त्यामुळे त्यातल्या नोंदी घ्यायला माणसालाच यावं लागे.

कल्याणीनं फलकाला केबल लावून दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या.

"हे सगळं तोच लिहितो?" शालनबाईंनी विचारलं.

"हो. जे जे करतो त्याची एकेक ओळ लिहून ठेवतो. त्यालाच लॉग म्हणतात."

तिनं सगळे लॉग उतरवून घेतले आणि मग वाचायला बसली. बिघाड साधाच निघाला. फलकाचं मेमरी कार्ड गच्च भरलं होतं, नवी ओळ लिहायला जागाच नव्हती, म्हणून तो अडकला होता. पण एरवी वर्षभर पुरणारं कार्ड भरलं कशानं? कल्याणी मागे मागे जाऊ लागली. पानांमागून पानं एकच ओळ होती: 'संकेत अपुरा, अंदाज वापरला.'

ती त्या ओळी पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवत राहिली.

"नीट होईल ना गं?" शालनबाईंचा आवाज बारीक झाला. "घरात दुसरं कोण आहे बोलायला? मूलबाळ नाही. हाच एक आवाज."

"नीट होईल. पण तुम्हाला एक सांगायला हवं." कल्याणी त्यांच्याकडे वळली. "काका बोलताना एखादा शब्द निसटला, तर तो भरून काढायची सोय आम्ही यात ठेवली होती. समोरच्याचं बोलणं ऐकून आणि काकांच्या आधीच्या बोलण्यावरून फलक अंदाज बांधतो. काकांचा संकेत हळूहळू अशक्त होत गेला, तसा तो जास्त शब्द स्वतःच भरायला लागला. गेले काही आठवडे तर सगळीच वाक्यं त्याची आहेत."

"त्याची म्हणजे?"

"काकांची नाहीत."

शालनबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "काल मला म्हणाले, जेवलीस का."

"तो अंदाज होता, काकू."

"मला वाटलंच होतं काहीतरी," त्या सावकाश म्हणाल्या. "उभ्या संसारात त्यांनी मला कधी विचारलं नाही जेवलीस का म्हणून. आजारपणानं माणूस मऊ झाला, असं मी धरून चालले. बरं वाटायचं. स्वयंपाकघरातनं मुद्दाम काहीबाही विचारत राहायची."

त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच स्थिर होता. मग एकाएकी त्यांचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे हे सगळं ते ऐकत होते? त्यांच्या आवाजात दुसराच कुणी माझ्याशी बोलतोय, मी त्याला उत्तरं देतेय, आणि हे इथं पडून..."

कल्याणीला मान वर करवेना. "ऐकत असणार."

मग लॅपटॉपकडे वळून ती म्हणाली, "कार्ड बदललं की फलक पहिल्यासारखा बोलेल. किंवा अंदाज लावणं मी बंद करू शकते. मग जे येईल ते काकांचंच येईल. पण काकू, कदाचित काहीच यायचं नाही. कधीच."

शालनबाईंनी नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"अंदाज बंद कर," त्या म्हणाल्या.

कल्याणीनं कार्ड बदललं, ती सोय काढून टाकली आणि फलक पुन्हा सुरू केला. हिरवा दिवा मिचमिचू लागला. डबा बोलला नाही. चहा झाला, उन्हं कलली, तरी बोलला नाही. कल्याणीनं केबल काढायला हात पुढे केला, तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली: 'संकेत क्षीण, शब्द ठरवता आला नाही.' पाठोपाठ तशीच दुसरी.

"काय म्हणाले?"

"ते कळत नाही. स्नायूची नुसती थरथरसुद्धा असू शकते. किंवा खरंच काहीतरी बोलले असतील."

शालनबाई पुढे वाकल्या, नवऱ्याच्या कानाजवळ गेल्या. स्टँडवरच्या गोंगाटात बोलावं तसं, जरा मोठ्यानं आणि सावकाश, त्यांनी विचारलं, "अहो, तुमच्या बोलण्याच्या मधे दुसरंच कुणी बोलत होतं, म्हणून गप्प राहिलात का?"

पडद्यावरच्या ओळी थांबल्या होत्या. दोघी वाट पाहत राहिल्या.