अनिरुद्धरावांचा रेडिओ

"कृष्णाजी त्या दिवशी मोपेड सोडून पायी निघाला, तिथपासून सांगतो," सेतुकाका म्हणाले.

जेवणं आटोपली होती. घरापुढच्या ओट्यावर काका, माझा चुलतभाऊ रघुराम आणि मी. कृष्णाजी म्हणजे काकांचा शाळासोबती. इथेच तंजावरला, मेलवीधीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

"पायी का?" रघुरामनं विचारलं.

"खिशात रेडिओचा काचेचा व्हॉल्व्ह होता, म्हणून. मद्रासच्या जुन्या बाजारात तीन महिने शोधून मिळालेला. मोपेडच्या एका धक्क्यात गेला असता. एकोणतीस डिसेंबर चौऱ्याण्णव. गुरुवार. मार्गळी महिन्याची थंडी, संध्याकाळचे सात. लावण्या, पाय वर घ्यायचे तर आत्ताच घे. मध्येच दचकून माझी कॉफी सांडू नकोस."

मी पाय वर घेतले.

कृष्णाजी चालला होता ताराबाईंकडे. त्यांचा रेडिओ कमरेइतका उंच, सागवानी, कपाटासारखा जमिनीवर उभा राहणारा. दोघांना उचलवेना, म्हणून दुरुस्ती त्यांच्याच घरी चाललेली. गल्लीभर केबलच्या तारा लोंबत होत्या, घरोघर रंगीत टीव्ही आले होते, आणि ही बाई चाळीस वर्षं जुना, मुका पडलेला रेडिओ बोलता करायला निघाली होती. कारण तिची मुलगी मंगला त्या रात्री साडेनऊला तिरुची केंद्रावरून पहिल्यांदा गाणार होती. पंधरा मिनिटं.

"ट्रान्झिस्टरवर नसतं ऐकू आलं?" मी विचारलं.

"कृष्णाजी तेच म्हणाला, गे. 'बाई, दुकानातून ट्रान्झिस्टर आणून ठेवतो, हा दगा देईल.' ताराबाई म्हणाली, 'नको. लग्न होऊन या घरात आले, त्या वर्षी मलाही तिरुचीहून पत्र आलं होतं. गाण्याच्या चाचणीचं. मामंजींनी ते फाडलं. आमची सून या पेटीतून गावाला गाऊन दाखवणार नाही, म्हणाले. रेडिओच्या बटणाला बाईमाणसानं हात लावायचा नाही. पुसायचा मात्र आम्हीच. आणि ऐकायचं स्वयंपाकघराच्या दाराआडून. आता माझी मुलगी गाणार ती ह्यातूनच. आणि लावणार मी.'"

मामंजी म्हणजे तिचे सासरे, अनिरुद्धराव. जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आठ वाजता व्हॉल्व्ह बसला. तापला, आतून केशरी उजेड आला, आणि तिरुची खणखणीत बोलू लागलं. कृष्णाजी खूश. म्हणाला, "या बाई, हात लावा."

ताराबाईनं बटणाला हात लावला, आवाज हवा तेवढा केला, हात काढला.

खट्.

"रेडिओ बंद. जुन्या रेडिओत आवाजाचं बटण पार डावीकडे फिरवलं की खट् होऊन सगळं बंद होतं, ठाऊक आहे ना? कृष्णाजीनं लावला, चालला. तिनं लावला... खट्. पुन्हा लावला... खट्. चौथ्या वेळी कृष्णाजी बटणाकडेच बघत उभा राहिला."

"आणि?"

"फिरत होतं. हळू. डावीकडे."

रघुराम हसला, पण उगीच.

कृष्णाजी पडला कारागीर. म्हणाला, कळ झिजली असेल. मागची फळी काढली, कळच तोडून टाकली आणि दोन तारा सरळ जोडल्या. "आता बंद व्हायला कळच नाही, बाई. कोण बंद करतो बघू!" तेव्हा नऊ पंचवीस झाले होते.

साडेनऊ. निवेदिकेनं मंगलाचं नाव घेतलं. तंबोरा लागला. पोरीचा पहिला स्वर आला...

आणि बारीक होऊ लागला.

कळ नव्हती. पण आवाज तर त्याच बटणावर होता. बटण पुन्हा फिरत होतं. डावीकडे.

"कृष्णाजीला पाऊल उचलेना. मला म्हणाला, सेतू, जीभसुद्धा हलेना..."

काका थांबले. मी रघुरामचं मनगट धरलं. त्यानं सोडवून घेतलं नाही.

ताराबाईनं मामंजींची खुर्ची ओढली. त्या खुर्चीत दुसरं कोणी कधी बसलं नव्हतं. ती बसली आणि बटण मुठीत धरलं.

डावीकडे ओढ. उजवीकडे ती.

तपकिरीचा वास आला. घरात तपकीर ओढणारं कोणी उरलं नव्हतं. तिला शिंक आली. शिंकली. बटण सोडलं नाही.

"मामंजी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पत्र फाडलंत, मी गप्प बसले. तो माझा आवाज होता. हा तिचा आहे... नाही सोडणार."

नखं पांढरी पडली. डायलचा दिवा मंद झाला.



मग बटण... उजवीकडे. एक केस. अजून एक. आणि मग पार शेवटपर्यंत! मंगला सगळ्या गल्लीत गायली. लोकांनी टीव्ही बारीक केले. बरोबर पावणेदहापर्यंत. शेवटच्या स्वराबरोबर बटण ताराबाईच्या हातात ढिलं पडलं.

"झालं?" मी विचारलं. झालं असावं, असं मला फार वाटत होतं.

"कृष्णाजी पळायलाच निघाला होता. पण डाव्या फळीला वार्निशचा शेवटचा हात राहिला होता. ताराबाई म्हणाली, 'काम अर्धं ठेवायचं नाही हं.' दिला बिचाऱ्यानं. प्लग भिंतीतून काढला. तिनं खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेऊन शेजारच्याच खोलीत झोपली. सकाळी सहाला कृष्णाजी परत आला आणि दोघांनी मिळून दार उघडलं."

"मग?"

"प्लग काढलेलाच होता. रेडिओ थंड. वार्निश काचेसारखं वाळलेलं. आणि डाव्या फळीवर, माणूस खाली जमिनीवर बसला तर डोकं जेवढ्या उंचीवर येईल तिथे... एक कान. वार्निशमध्ये दाबून उमटलेला. आतल्या वळ्यांसकट."

ओट्यावरचा दिवा चालू होता, तरी मी आतल्या अंधाराकडे बघितलं.

"कृष्णाजीनं पॉलिश पेपर काढला, तर ताराबाईनं त्याचा हात धरला. घासू दिलं नाही. अजून आहे. मी बोट फिरवून बघितलंय."

काकांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"कानाची पाळी लांब आहे. म्हाताऱ्या माणसाची असते तशी."