चिकटलेला आठ नंबर

भाविका लोटनअप्पांच्या पूल क्लबचा जिना पहिल्यांदा चढली ती शिंकतच. मिरचीचे दिवस, खाली मिरचीचे ढीग, नंदुरबारात शिंकल्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. ओढणी नाकाला लावून ती दारात पोचली आणि पाणावल्या डोळ्यांनी तिला दिसलं ते हे : टेबलावर ओणवलेला एक उंचेला मुलगा, त्याचा सरळ शॉट, आणि पॉकेटात पडलेला बॉल. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"तो पुश व्हता," भाविका म्हणाली.

टाळ्या हवेतच राहिल्या. त्या क्लबात तोवर एकही मुलगी आली नव्हती, आणि आली ती फाऊल काढतच. मुलगा, म्हणजे धानोऱ्याचा भाग्येश, आ वासून बघत राहिला. मग तिने नाक पुसत पुसत समजावलं. व्हाइट, म्हणजे ज्याला मारायचं तो पांढरा बॉल, आणि पुढचा बॉल यांच्यात केसाएवढीच फट होती. अशा वेळी सरळ मारलं की क्यूचं, म्हणजे काठीचं, टोक व्हाइटला सोडतच नाही, ढकलत नेतं, म्हणून फाऊल. दोन्ही बॉल आधीच चिकटलेले असते आणि तसं जाहीर केलं असतं, तर मात्र सरळ मारलेलं चाललं असतं.

"चिकटेल शे का नही, ते पहिले इचारानं ऱ्हास," ती म्हणाली.

"मंग आते इचारस..." तो हळूच हसला. "चहा पेशी का?"

भाविकाला इतका धक्का बसला की तिची पुढची शिंक अडकली.

ती तापीकाठच्या गुजर पाटलांची मुलगी. सुरतेला मामाकडे शिकताना पूल शिकली, आता नंदुरबारात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होती. संध्याकाळी गावच्या जीपने घरी जायची, आणि त्याच जीपमध्ये बाजार करून परतणाऱ्या सिंधुकाकू असायच्या. सिंधुकाकूंनी पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं. नंदुरबारात मुलीने मुलासोबत टपरीवर चहा घेतला, तर दिवेलागणीपर्यंत तापीच्या दोन्ही काठांना कळतं. त्यामुळे भाग्येश दर रविवारी विचारायचा, आणि ती दर रविवारी एकच उत्तर द्यायची, "लोक देखतीन."

तो रागवायचा नाही. उलट तिच्यासाठी खिडकी लावून घ्यायचा, म्हणजे ठसका आत येऊ नये. तिला ते कळायचं. कळलं नाही असं दाखवणंही तिला छान जमायचं.

संक्रांतीच्या स्पर्धेत अंतिम सामना नेमका दोघांचाच आला. आदल्या दिवशी भाग्येशने पैज मांडली : तो जिंकला तर तिने खालच्या टपरीवर उघडपणे चहा प्यायचा, आणि ती जिंकली तर तो पुन्हा कधी म्हणजे कधीच विचारणार नाही. भाविका हो म्हणाली, कारण हरायची तिला सवयच नव्हती. कधीच... हा शब्द मात्र रात्री उगाच टोचत राहिला.

शेवटचा डाव. तिचा फक्त काळा आठ नंबर उरला होता. व्हाइट घरंगळत आला आणि काळ्याला जाऊन टेकला. भाविकाने रीतसर पंच म्हणून लोटनअप्पांना बोलावलं. अप्पा चष्मा सावरत वाकले आणि म्हणाले, "चिकटेल शे." मग तिने नेहमीसारखा मोकळा शॉट मारला. काळा सरळ कोपऱ्यात गेला.

आणि अप्पांचा हात वर. "फाऊल. पुश."

अप्पांची उमर स्नूकरच्या टेबलावर गेलेली. तिथे चिकटलेल्या बॉलला धक्का न लावता खेळावं लागतं. पूलमध्ये तसं नसतं, हे भाविका सांगत राहिली; पण आपल्याच फायद्याचा नियम सांगणाऱ्याचं कोण ऐकतं? फाऊलवर काळा गेला म्हणजे डाव गेला. पण खरा धक्का पुढेच होता. आपण हरलो, आता चहा प्यावाच लागणार, असं मनात आलं आणि तिला चक्क बरं वाटलं. तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं, कोणाला दिसलं तर नाही ना.

"अप्पा, फाऊल नही," कोणीतरी म्हणालं.

भाग्येश होता.

"चिकटेल शे, असं तुम्हीनच सांगं. मंग सरळ मारेल चालस. माले हाई इनीच शिकाडेल शे." तो अप्पांशी बोलत होता, पण बघत होता तिच्याकडे. "ती जितनी."

गप्प बसला असता तर सगळं मिळालं असतं त्याला. भाविकाला रडू यावं इतकं ते आवडलं आणि त्याच वेळी इतका राग आला की काय सांगावं. याला चहा नकोच होता की काय?

भाग्येशने हात मिळवला, अभिनंदन केलं आणि एक शब्द जास्त न बोलता जिना उतरला. शब्दाला जागणारा माणूस फार वाईट, बायांनो.

ट्रॉफी काखोटीला मारून ती धावतच खाली आली. टपरीवर तो एकटाच उभा होता, हातातला चहा निवलेला.

"माले इचारशी नही का?"

"हारनू ना मी. परत इचारानं नही, असं ठरेल शे."

"तुनी इचारानं नही, असं ठरेल शे. मी इचारानं नही, असं कोठे ठरेल व्हतं?" तिने काखेतली ट्रॉफी बाकावर ठेवली. "भाग्येश... मन्हासंगे चहा पेशी का? आज. आनि मंग रोज."

भाग्येशला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीचा की कशाचा, देव जाणे. ठसक्यातून त्याला जेमतेम चार शब्द जमले, "लोक... लोक देखतीन ना."

"देखू दे."

तिने दोन ग्लास सांगितले आणि रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसली, शेजारी त्याला जागा ठेवून. तो बसला. तेवढ्यात गावची जीप समोरून हळूहळू निघाली. खिडकीत सिंधुकाकू. हातातली पिशवी तशीच, तोंड उघडं ते उघडंच.

भाविकाने ग्लास उंचावून त्यांना दाखवला.