न झालेल्या नात्याची नोंद

ती खुर्चीत बसली नाही, खुर्चीनेच तिला बसवलं!

पाऊस नुकताच उघडला होता. कर कार्यालयाच्या इमारतीबाहेर पायऱ्यांच्या बाजूने जो उतार आहे, त्यावरून ती खाली निघाली होती. एका हातात फायली, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री, आणि फोन खांद्याने कानाशी दाबलेला. मागून खडखड आवाज आला, गुडघ्यांमागे काहीतरी आदळलं, आणि पुढच्याच क्षणी बाईसाहेब चाकांच्या रिकाम्या खुर्चीत बसून सुसाट सुटल्या. ओरडायचंसुद्धा सुचलं नाही. नुसता आ वासलेला!

मागून कुणीतरी धावत आलं, तिला ओलांडून पुढे गेलं आणि उताराच्या टोकाशी दोन्ही हात पसरून उभं राहिलं. खुर्ची थांबली तेव्हा दोघांची नाकं एकमेकांना टेकायची तेवढी राहिली होती.

"लागलं नाही ना?" त्याने धापा टाकत विचारलं.

"तुम्ही... हे... काय चाललं होतं तुमचं?"

"ब्रेक लागतो का ते बघत होतो."

"मग?"

"नाही लागत," तो म्हणाला. इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की तिचं चिडायचंच राहून गेलं.

विखुरलेल्या फायली गोळा करता करता त्याची नजर वरच्या फायलीवर गेली. "तुम्ही कराच्या वकील?"

"धर्मादाय संस्थांच्या. त्यांना कर का माफ असतो आणि तो माफ राहावा म्हणून काय करायचं, ते मी सांगते."

"अरे वा! मग खुर्ची तुमच्यावरच आदळली ते बरंच झालं की!"

खुर्चीच्या पाठीमागच्या खिशातून त्याने एक कागद काढला. त्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला. तिने वाचला आणि तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. कर कार्यालयाची नोटीस! उत्तर द्यायची मुदत उद्या संपत होती.

"हे... हे कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"आलं तेव्हापासून," तो शांतपणे म्हणाला. तिने कपाळाला हात लावला.

आता ही मुलगी होती तरी कोण, ते सांगायला हवं. तिच्याबरोबर शिकलेले सगळे मोठमोठ्या कंपन्यांचे वकील झाले. हिने मात्र अंधशाळा, वाचनालयं, पक्ष्यांचे दवाखाने असले अशील धरले. "लोक पैसेवाल्यांचा कर वाचवतात, आमच्या हिने नसलेल्यांचा वाचवायला घेतलाय," असं तिचा दादा चारचौघांत म्हणायचा. ऑफिसात तिला कलमबाई म्हणत, कारण कायद्याची कलमं तिच्या जिभेवर नाचायची.

आणि तो? तो चाकवाला. मावशीच्या घराखालच्या गॅरेजमध्ये त्याची संस्था होती आणि तोच तिचा मुख्य विश्वस्त. लोकांनी टाकून दिलेल्या चाकांच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर तो दुरुस्त करायचा आणि ज्याला गरज असेल त्याला वापरायला द्यायचा. थोडी अनामत घ्यायची, वस्तू परत आली की सगळी परत करायची. कर कार्यालयाला वाटलं, हे तर भाड्याचं दुकान! सवलत का काढून घेऊ नये, असं नोटीस विचारत होती. सवलत गेली की देणगीदार जाणार आणि गॅरेजला कुलूप लागणार, इतकं ते सरळ होतं.

तिने त्याच संध्याकाळी उत्तर लिहून दिलं, अर्ध्या फीवर वकीलपत्र घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन आपला पहिला नियम ऐकवला.

"कराच्या साहेबांशी खोटं बोलायचं नाही. अर्धंही बोलायचं नाही. जे उद्या बाहेर येऊ शकतं ते आजच आपण होऊन सांगायचं. कळलं?"

"कळलं," स्पॅनर तोंडात धरून तो म्हणाला. "आपण होऊन सांगायचं."

कर कार्यालयाने सुनावणीची तारीख दिली आणि मग रोजच काही ना काही निघू लागलं. अनामत परत केल्याच्या पावत्या जुळवायच्या, विश्वस्तांच्या सभा नीट लिहून घ्यायच्या. ती कायदा समजावायची आणि तो तिच्याकडे बघत राहायचा. गाढवापुढे वाचली गीता, असं तिला वाटायचं... पण मग तो असा एखादा प्रश्न विचारायचा की तीच थबकायची. त्याच्या कानामागे नेहमी एक पेन्सिल असायची आणि हसला की डावी भुवई वर जायची. हे सगळं कुठल्या कलमात बसतं, ते तिला माहीत नव्हतं!

एकदा ती म्हणाली, "आणि हे पक्कं लक्षात ठेवा. विश्वस्ताच्या नातेवाइकाला संस्थेचा पैसा जाता कामा नये. साहेब सगळ्यात आधी तेच विचारतात."

"मावशीच्या गॅरेजला आपण भाडं देत नाही."

"ते उत्तमच आहे."

"नातेवाईक म्हणजे नक्की कोण कोण?" उलट्या खुर्चीच्या चाकावर वाकून त्याने विचारलं.

"आईवडील, भाऊबहीण, बायको..."

"आणि व्हायची असलेली?"

"काय व्हायची असलेली?"

"बायको," तो म्हणाला आणि त्याच्या हातातला नट टणकन खाली पडला.

म्हणजे याच्या मनात कुणीतरी होती! नट शोधायच्या निमित्ताने तो बाकाखाली शिरला तो बाहेर येईचना. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी जखमेवर मीठच चोळलं. "एवढी सुनावणी पार पडू दे गं, मग याच्या लग्नाचं बघते. पोरगी मनात भरलीये त्याच्या, पण तोंड उघडेल तर शपथ!"

तिने कप तसाच खाली ठेवला. कोण असेल ती? इतके दिवस हा माणूस आपल्याकडे बघून हसत होता, ते काय उगाच?

त्या संध्याकाळी घरी वहिनीने विचारलं, "काय वन्सं, आज चाकवाल्याचं नाव नाही निघालं?"

"त्याचं लग्न ठरतंय."

"अगं बाई!" वहिनी हातातलं काम टाकून जवळ आली. "मग तुमचं तोंड का उतरलंय?"

"माझं? छे! मला काय त्याचं?" ती म्हणाली, आणि दार लावून घेऊन खूप रडली. रडून झाल्यावर तिने सुनावणीची तयारी केली. कारण ते गॅरेज वाचायलाच हवं होतं, मग त्यात बायको म्हणून कुणीही नांदायला येवो.

सुनावणीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सोबत मावशी, आणि पुरावा म्हणून तीच ती खुर्ची. कर अधिकारी वयस्कर होते, चष्म्यावरून बघायचे. तिने मुद्दे मांडायला सुरुवात केली. परत आलेल्या खुर्च्या, परत केलेली अनामत, एका पैचा नफा नाही. आवाज खणखणीत होता. फक्त डावीकडे, तो बसला होता तिकडे, बघायचं टाळत होती.

"ठीक आहे," अधिकारी म्हणाले. "संस्थेकडून पैसे कुणाकुणाला जातात?"

"एका वेल्डरला पगार, आणि माझी फी. बाकी कुणालाही नाही, सर."

"यांपैकी कुणाचं विश्वस्तांशी नातं?"

"नाही, सर. कुणाचंही—"

"एक मिनिट, साहेब!"

तो उभा राहिला होता. आता हा कुठलं बिंग फोडतोय? एवढ्या कष्टाने किनाऱ्याला आणलेली नाव!

"खाली बसा," ती दातांवर दात दाबून पुटपुटली.

"तुम्हीच सांगितलंत ना, अर्धं बोलायचं नाही म्हणून." तो साहेबांकडे वळला. कपाळावर घाम, पण आवाज सरळ. "साहेब, आज नातं नाही. पण माझ्या मनात आहे. म्हणजे... वकीलबाईंशी. त्यांना अजून विचारलेलं नाही. त्या हो म्हणाल्या तर त्या माझ्या नातेवाईक होतील आणि त्यांना फी तर जातेय. उद्या बाहेर यायचं ते आजच सांगितलेलं बरं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! तिच्या हातातली फाईल कधी सटकली ते तिला कळलंच नाही. मी? व्हायची असलेली ती... मी? तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जिच्या जिभेवर कलमं नाचायची, तिची त-त-प-प झाली होती.

मावशींनी पदराने तोंड झाकलं. त्या हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वकीलबाई, यावर तुमचं म्हणणं?"

तिने फाईल उचलली. कागद सरळ करायला जरा जास्तच वेळ लावला. मग ताठ उभी राहिली.

"नोंद करावी, सर. आजपासून या संस्थेकडून मी फी घेणार नाही."

"फी सोडताय की वकीलपत्र?"

"फक्त फी, सर." आता मात्र तिने डावीकडे बघितलं. "बाकी काहीच सोडत नाही."

अधिकाऱ्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "सतरा संस्था रोज माझ्यापुढे झालेली नाती लपवतात," ते म्हणाले. "जो माणूस न झालेलं नातंसुद्धा आधी सांगतो, तो झालेला नफा लपवेल असं मला वाटत नाही. सवलत कायम राहील, लेखी आदेश पाठवतो. आणि पुढच्या वर्षीच्या विवरणात हे नातं लिहायला विसरू नका."

बाहेर आल्यावर उताराच्या वरच्या टोकाला ती आपण होऊन त्याच खुर्चीत बसली. त्याने मागून खुर्चीच्या मुठी धरल्या.

"वकीलबाई," तो म्हणाला, "रागावलात का? तुम्ही फी नको म्हणालात. म्हणजे आता आमच्याशी संबंध..."

ती मान वळवून त्याच्याकडे बघतच राहिली. सगळ्या कर कार्यालयाला कळलं होतं, याला सोडून!

मावशींनीच कपाळ बडवलं. "अरे ठोंब्या, हो म्हणाली ती!"

"काय?" त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. दोन्ही! आणि सुटली खुर्ची.

"अहो!" ती किंचाळली, हाताशी असलेला दांडा तिने ओढला, आणि कच्चकन आवाज होऊन खुर्ची जागच्या जागी थांबली. ब्रेक लागला होता. त्याने तो दुरुस्त केला होता.

तरीही तो धावत आला, तिला ओलांडून पुढे गेला आणि दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला.