पांघरुणाचं दुसरं टोक

हे खरं आहे. आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी कमेंटमध्ये "स्टोरी छान आहे" असं लिहू नये. ही स्टोरी नाही.

तारीख १६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. दुपारचे तीन. बाहेर रखरखीत ऊन. जागा, तुर्भे एमआयडीसीतला एक फोटो स्टुडिओ.

मी क्षिप्रा. ऐरोलीत जर्मन शिकवते, चौदा वर्षं झाली. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. खोटं नाही ते.

अबोली माझी चुलत बहीण. सानपाड्याला राहते. तिचं लग्न ठरलं होतं निशांतशी आणि तिला प्री-वेडिंग शूट हवं होतं. युरोपातल्या राजवाड्यात काढल्यासारखं. त्या स्टुडिओत तशी एक खोली होती. झुंबर, खोट्या खिडक्या, आणि मधोमध एक पलंग.

पलंग मात्र खोटा नव्हता.

काळं लाकूड, चार खांब, वर छत. परदेशातून जुनं फर्निचर घेऊन येणाऱ्या कंटेनरमधून तो आला होता. उशाशी एक ढाल कोरलेली होती. ढालीवरचं नाव कुणीतरी खरवडून काढलं होतं.

ऐनवेळी निशांतला ऑफिसने हैदराबादला अडकवलं. पुढची तारीख थेट लग्नानंतरची मिळत होती. अबोली रडकुंडीला आली.

"टेन्शन कायको घेता?" फोटोग्राफर शहाजी म्हणाला. "भाऊ आलाय ना नवरदेवाचा? त्याला झोपवा. चेहरा मी नंतर बदलतो, कळनार पन नाय."

भाऊ म्हणजे प्रणय, निशांतचा धाकटा. तो लाजून लाल झाला. अबोलीची आई, मीनाकाकू, उसळलीच.

"होणाऱ्या दिराशेजारी झोपवणार माझ्या पोरीला? डोकं फिरलंय का तुमचं?"

आणि तिथे मी तोंड उघडलं.

"काकू, यात काही वावगं नाही," मी म्हटलं. "जर्मनीतल्या जुन्या राजघराण्यांत अशीच रीत होती. नवरा लढाईवर असला, की तो आपला माणूस पाठवायचा. चारचौघांसमोर तो माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी नवरीशेजारी आडवा व्हायचा. एक पाय उघडा. मधे तलवार. दोघांवर पांघरूण ओढलं, की लग्न पक्कं. धन्याशी."

शहाजीला हे भलतंच आवडलं. त्याने शिवकालीन थीमची पत्र्याची तलवार आणली. प्रणयने एका पायाची जीन्स गुडघ्यापर्यंत वर केली.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," काकू माझ्याकडे बघून म्हणाली.

तेव्हा मी हसले.

ढालीखाली जुन्या जर्मन अक्षरांत एक ओळ कोरलेली होती. मी ती वाचली. अर्थ असा... "माझ्या धन्याच्या नावाने मी या पलंगावर आडवा होतो."

आता मास्तरीण ना मी. ती ओळ प्रणयला मोठ्याने म्हणायला लावली. त्याचे उच्चार चुकले. पुन्हा म्हणायला लावली. पुन्हा चुकले.

तिसऱ्या वेळी तो बरोबर म्हणाला... इतका बरोबर, की माझ्या वरच्या, बी-टू लेव्हलच्या मुलांनाही तसं जमत नाही.

धनी म्हणजे निशांत, असं आम्ही धरून चाललो होतो. पलंगाला कुणी विचारलं होतं?

अबोली आणि प्रणय आडवे झाले, मधे ती तलवार. पायथ्याशी मखमली पांघरूण होतं. एक टोक मी धरलं, दुसरं काकूने धरायचं होतं. शहाजी म्हणाला, "ओढा." आम्ही ओढलं. पांघरूण दोन्ही बाजूंनी सारखं वर आलं. एकही सुरकुती नाही.

मी समोर पाहिलं.

काकू तिथे नव्हती...

ती बाहेर जिन्यात फोनवर बोलत होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

आणि पांघरुणाचं ते टोक हवेत ताणलेलं होतं. कुणीतरी मुठीत धरल्यासारखं.

मग ते अलगद खाली पडलं.

प्रणय ओरडत उठला. "वहिनी, पाय किती गार आहे तुमचा! बर्फ आहे बर्फ!"

"माझा?" अबोली म्हणाली. "मी तर दोन्ही पाय पोटाशी घेतले होते."

मी सगळ्यांना झापलं आणि गाडीत बसवलं. एसीच्या झोताने कापड फुगलं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. भीती वाटली की मी चिडते, सवय आहे माझी.

पण रीतीचा पुढचा भाग मी कुणाला सांगितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बायकोला भेट द्यायचा. ती भेट तिची एकटीची.

रविवारी सकाळी सात वाजता अबोलीचा सेल्फी आला.

तिच्या डोक्यावर पांढरी, कडक इस्त्रीची टोपी होती. कानांवरून खाली येणारी, केस पूर्ण झाकणारी. जर्मनीत पूर्वी लग्न झालेल्या बायका घालायच्या तशी. खाली लिहिलं होतं, "ताई, उशीवर होती! तूच ठेवलीस ना? क्यूट!"

मी लगेच फोन केला. "काढ ती. आत्ता."

"अगं, गाठ सुटत नाहीये."

"बांधली कुणी?"

पलीकडे ती अजून गाठ ओढत होती.

"आठवत नाही गं..."

शेवटी काकूने कात्रीने नाडी कापली. टोपी कचऱ्यात टाकली. त्या दिवसापासून अबोली कमी बोलायला लागली. लग्नाची धास्ती घेतली असेल, असं सगळे म्हणाले. मी पण म्हटलं.

लग्न ८ डिसेंबरला, नेरुळच्या हॉलमध्ये. करवली मीच. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, ताशा वाजला. निशांतने हार घातला.

अबोलीने हात उचललाच नाही...

ती निशांतच्या खांद्यावरून मागे बघत होती. आणि ती बोलली. जर्मनमध्ये. जिला साधं 'गुटेन टाग' येत नाही, ती पोर. तेही जुन्या वळणाचं, आता कुणी बोलत नाही असं.

"माझ्यावर पांघरूण आधीच गेलं आहे."

"काय म्हणतेय?" निशांतने विचारलं. गुरुजी, काकू, सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिथे ती भाषा मला एकटीला कळत होती.

"चक्कर येतेय म्हणते," मी म्हणाले.

आणि तिचं कोपर धरून वर ढकललं. हार निशांतच्या गळ्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या क्षणी मला हॉलमध्ये कुणाचा तरी राग जाणवला. तो माझ्यावर होता.

आता ते दोघं ऐरोलीत राहतात, माझ्यापासून दोन सेक्टर पलीकडे. पलंग नवा, दुकानातून आणलेला. पण अबोली एका कडेला झोपते आणि मधे वीतभर जागा रिकामी राहते. त्या जागेवरून निशांतचा हात पलीकडे गेला, की सकाळी हातावर लाल रेघ असते. सरळ, पट्टीने आखल्यासारखी.

आधी ओरखडा होता. जानेवारीत रक्त आलं. मार्चमध्ये अकरा टाके पडले. डॉक्टर विचारतात, "घरात काही धारदार आहे का?" निशांत काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गेल्या आठवड्यात रेघ मानेवर होती.

मी तुर्भ्याला जाऊन शहाजीला गाठलं. त्याने ती खोली बंद केलीये. मला फक्त एक फोटो दाखवला. पांघरूण वर येतंय, एका टोकाला मी आहे. दुसऱ्या टोकाला कुणी नाही, पण मखमलीवर चार बोटांचे खळगे आहेत.

"मॅडम, तुमीच होता तिथे," तो म्हणाला. "मी कायपन बघितलं नाय. मला यात घेऊ नका."

परवा निशांतने एक रेकॉर्डिंग पाठवलं. "ताई, ही रोज सकाळी सातला उठून बसते आणि कुणाशी तरी बोलते. तुमची भाषा वाटते. काय म्हणते, सांगाल का? मला आता खरंच भीती वाटते."

मी ऐकलं. आवाज फक्त अबोलीचा. मधे मधे शांतता, समोरचा काही विचारतोय इतकी.

"हो. एक साक्षीदार होती."

शांतता...

"माझी बहीण."

शांतता...

"नाही. ती खोटं बोलली."

मी फोन फेकला. पुढचं ऐकलं नाही. निशांतला कळवलं, "झोपेत काहीही बरळते, लक्ष देऊ नकोस."

पण आता मला सगळं स्पष्ट दिसतंय. पलंगाच्या त्या धन्याला साक्ष हवी आहे. पांघरूण गेलं, असं सांगणारं माणूस हवं आहे. मी खरं बोलले तर अबोली त्याची. गप्प राहिले तर निशांतची मान. माझ्या शहाणपणाने मी त्या दोघांना यात ढकललं आणि मला ते सहन होत नाही.

घरात कुणाशी बोलायची सोय नाही. म्हणून आज पहाटे उठून इथे टाइप करत बसले. मन हलकं होईल, एवढंच वाटलं. अर्ध्या तासापूर्वी ग्रुपवर टाकलं सुद्धा.

टाकल्यावर धीर आला. म्हणून रेकॉर्डिंगचा राहिलेला भाग ऐकला.

अबोली हसत होती.

"तोंडाने नाही सांगणार ती. मानी आहे. पण लिहून देईल."

मी वर जाऊन माझीच पहिली ओळ वाचली.

हे खरं आहे.

खाली तारीख. वेळ. जागा. माझं नाव. एक टोक मी धरलं, हेसुद्धा.

पोस्ट डिलीट करायला गेले. होत नाहीये... म्हणून हे खाली जोडतेय. खाली लाइक्स वाढतायत.

सकाळचे सात वाजलेत. निशांतचा फोन येतोय.

माझ्याच्याने उचलवत नाही.